खिडकीशी लावलेला नकाशा

धाकटीचे कानाजवळचे केस पुरते पांढरे झाले होते, तरी घरात तिला धाकटीच म्हणत. म्हणणारी माणसं आता दोनच उरली होती. एक बाबा आणि दुसरा दादा, जो दूरच्या शहरात राहून फोनवरून म्हणायचा. बाकी जगाच्या लेखी ती नकाशे करणारी एक नावाजलेली बाई होती. डोंगरात फिरायला जाणाऱ्यांसाठी, पाणी खात्यासाठी, कोणाकोणासाठी ती घरी बसून नकाशे करून द्यायची. आणि बसून म्हणजे अगदी बसूनच. सकाळी कॉम्प्युटर चालू केला की दुपारच्या जेवणाला उठायचं, तेही जिवावर यायचं.

बाबा त्याच नकाशांच्या धंद्यातले, पण कागद आणि शाईच्या जमान्यातले. नकाशा कचेरीत मुख्य ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर ताठ चालले आणि निवृत्तीनंतर एक दिवस न्हाणीघरात घसरून खुब्याचं हाड मोडून घेतलं. ऑपरेशन छान झालं. हाड जुळलं, टाके वाळले, आणि बाबा खिडकीपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला आपल्या खुर्चीत बसले ते बसलेच.

"मी हाड जोडून दिलंय," डॉक्टर म्हणाले होते. "चालायचं काम त्यांचं आहे. आत्ताच पायावर भार घ्यायला लागले नाहीत, तर पुढे कितीही म्हटलं तरी पाय ऐकायचा नाही."

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. ती असेपर्यंत बाबा कडू औषध दिल्यासारखा चेहरा करून वॉकर धरायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. तिची पाठ वळली की वॉकर भिंतीला आणि बाबा खुर्चीला. धाकटीने समजावून झालं, रागावून झालं, एकदा रडूनही झालं. उत्तर एकच. "उद्या बघू."

दादाने त्याच्या पद्धतीने मार्ग काढला होता. त्याच्या शहरात म्हाताऱ्या माणसांची एक संस्था होती. स्वच्छ खोल्या, वेळच्या वेळी जेवण, उशाशी घंटा. घंटा दाबली की माणूस हजर. "तुला तरी किती दिवस जमणार आहे धाकटे? तुझं काम, तुझी मान, आणि वर हे. रविवारी मी बाबांशी बोलतो आणि पक्कं करून टाकतो."

धाकटीला वाटलं होतं, बाबा घर डोक्यावर घेतील. ज्या माणसाने जन्मात कोणाचं पहिल्या फटक्यात ऐकलं नाही, तो घंटेच्या खोलीत जायला कसा तयार होईल? पण तिने कानावर घातलं तेव्हा बाबा म्हणाले, "दादा म्हणतो तसं करू." एवढंच. धाकटी घाबरली ती तेव्हा. भांडले असते तर तिला धीर आला असता.

शाईमावशी आली ती त्याच आठवड्यात.

शाईमावशी म्हणजे बाबांच्या कचेरीतली शाई भरणारी बाई. पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर बारीक निबाने पक्की रेघ ओढायची हे तिचं काम. तिच्या हाताला कधी थरथर नव्हती आणि जिभेला कधी हाड नव्हतं. बाबा तिचे साहेब होते, पण तिने त्यांना साहेब मानलं ते फक्त बोलण्यात. ती आली, चपला काढल्या, आणि खोलीच्या मधोमध उभी राहून तिने सगळं एकदा नजरेखालून घातलं.

ही खोली लांबलचक होती. एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला बाबांची खुर्ची. खुर्चीला लागून चाकांचं टेबल. त्यावर पाणी, गोळ्या, फोन, चष्मा, रेडिओ, कोडं सोडवायचं वर्तमानपत्र, पेन्सिली, शार्पनर, पाठ खाजवायची काठीसुद्धा. आणि टेबलाला लागून धाकटीचं डेस्क, कारण बाबांना काही लागलंच तर तिने खुर्चीतल्या खुर्चीत फिरून द्यावं. तिच्याही हाताशी किटली होती, प्रिंटर होता, बिस्किटांचा डबा होता. दोघं बापलेक शेजारीशेजारी, जागचे न हलता, दिवस काढत होते.

"हे टेबल कोणी मांडलं?" मावशीने विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली. तिला वाटलं, कौतुक होणार.

"वा. यांना काही म्हणजे काही करायला ठेवलं नाहीस." मग बाबांकडे वळून, "काय साहेब, आम्हाला असं टेबल का नाही दिलंत कधी? आम्ही काय तुमचं घोडं मारलं होतं?"

बाबा ओशाळल्यासारखे हसले आणि रेडिओचा आवाज वाढवून बसले. मावशीने धाकटीला चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात नेलं.

"तू शाळेतून थेट कचेरीत यायचीस, आठवतं?"

न आठवायला काय झालं. आई तेव्हा नोकरी करायची, घरी कुलूप असायचं. धाकटी दप्तर घेऊन नकाशा कचेरीच्या मोठ्या दालनात जायची आणि टोकाच्या खिडकीखाली खोक्यावर बसायची. दालनात तिरप्या टेबलांची लांब ओळ, प्रत्येक टेबलावर एक वाकलेली पाठ. आणि अख्ख्या दालनात पेन्सिलीला टोक काढायचं यंत्र एकच, तेही धाकटीच्या डोक्यावर, खिडकीच्या कठड्याला स्क्रूने बसवलेलं. हँडल फिरवायचं. ज्याची पेन्सिल बोथट होई तो टेबलावरून उठे, कमरेवर हात ठेवून मागे वाके, आळस देत खिडकीपर्यंत येई, हँडल फिरवी. लाकडाची भुकटी धाकटीच्या वेणीत पडायची. घरी आई वेणी सोडताना म्हणायची, आज पण खिडकीखालीच बसली होतीस ना. तो पेन्सिलीच्या लाकडाचा वास आता कुठे मिळत नाही. मिळाला असता तर धाकटीने डोळे मिटून तासभर घेतला असता.

"सगळे कुरकुरायचे," मावशी म्हणाली. "प्रत्येकाला एकेक छोटं शार्पनर द्या, म्हणून मी स्वतः मागणी केली होती. साहेबांनी साफ नाही म्हटलं. आधीच्या मुख्य ड्राफ्ट्समनची गोष्ट तुला माहीत आहे?"

धाकटीला माहीत नव्हती.

"फार हुशार माणूस. पण एकदा टेबलाशी बसला की ढिम्म हलायचा नाही. पेन्सिल, पाणी, डबा, सगळं हाताशी. निवृत्त झाला तेव्हा पाठीची पार कमान झाली होती. निरोपाच्या दिवशी त्याला हार घालायला सगळ्यांना वाकावं लागलं. तुझ्या बाबांनी दुसऱ्याच दिवशी स्क्रू आणून ते यंत्र खिडकीला ठोकलं."

ही गोष्ट ऐकून धाकटीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. निदान तिला तसं वाटलं. मावशी गेल्यावर तिने चाकांचं टेबल ढकलत खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. खिडकीच्या कठड्याला ते जुनं यंत्र अजून होतंच. कचेरीत कॉम्प्युटर आले, तिरपी टेबलं भंगारात गेली, तेव्हा बाबांनी आठवण म्हणून तेवढं एकच मागून घेतलं होतं आणि घरी आणून बसवलं होतं. त्याच्याच शेजारी तिने टेबल उभं केलं. आता बघू, कसे उठत नाहीत.

बाबा उठले नाहीत. बाबांनी फक्त बोलायला सुरुवात केली. "धाकटे, चष्मा." "धाकटे, पाणी." "धाकटे, पेन्सिलीला टोक नाही गं, जाते आहेस तशी करून आण." दोन दिवस ती डेस्क ते खिडकी, खिडकी ते डेस्क अशी येरझारा घालत राहिली. परिणाम झाला, नाही असं नाही. तिची मान, जी कित्येक महिन्यांत डावीकडे वळली नव्हती, ती जरा वळायला लागली. व्यायामाच्या मुलीने तर तिचं तोंडभरून कौतुक केलं. बाबा खुर्चीतच होते.

तिने हताश होऊन मावशीला फोन लावला.

"टेबल हलवून काय होणार?" मावशी म्हणाली. "अगं, टोक काढायला म्हणून कोण उठतंय? आम्ही काय कमी आळशी होतो? पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी घरून ब्लेड आणली होती. टेबलाखाली लपवून टोकं काढायचो."

"मग?"

"मग साहेबांनी दुसरी युक्ती केली. शाई भरायच्या आधी प्रत्येकाचा नकाशा एक दिवस खिडकीशेजारच्या भिंतीवर लावायचा. येणाऱ्याजाणाऱ्याने बघायचा. चूक दिसली तर पेन्सिलीने नुसतं गोल करायचं. बोलायचं काही नाही. ज्याचा नकाशा त्याने खिडकीशी येऊन बघायचं. आणि काय सांगू तुला, लोक टोक असलेल्या पेन्सिली घेऊन टोक काढायला यायला लागले. साहेब मला एकदा म्हणाले होते, बाई, स्वतःच्या पाठीसाठी कोणी उठत नाही. दुसऱ्याची चूक काढायची म्हटली की लंगडासुद्धा धावतो."

धाकटी फोन हातात धरून तशीच बसली. खिडकीखाली बसून तिने ते सगळं पाहिलं होतं. लोक नकाशासमोर डोकं कलतं करून उभे राहायचे, एकमेकांना कोपर मारायचे, हसू दाबायचे. कोणी गोल केलं की हँडल रिकामंच दोनदा फिरवायचं, पेन्सिल न घालता. घरघर, घरघर. तो आवाज आला की सबंध दालनातल्या पाठी एकदम सरळ व्हायच्या. कोण सापडलं? तिला लहानपणी तो खेळ वाटायचा. तिचे बाबा असा खेळ खेळतात म्हणून तिला केवढा अभिमान होता. शाळेत तिने मैत्रिणींना सांगितलंही होतं की आमच्या बाबांच्या कचेरीत सगळे मोठे लोक चुका-चुका खेळतात.

तिच्या हातात त्या वेळी एक डोंगराळ भागाचा नकाशा होता, वाटा आणि पाण्याच्या जागा दाखवणारा. सोमवारी छापायला जायचा होता. तिने तो मोठ्या कागदावर छापून आणला. त्याआधी त्यात मुद्दाम एक चूक घातली. रस्त्यावर एका ठिकाणी पुलाची खूण केली, जिथे खालून जायला ओढाबिढा काही नव्हता. कागद खिडकीशेजारच्या भिंतीवर चार टाचण्यांनी लावला आणि ती येऊन निमूट आपल्या डेस्कवर बसली.

बाबांनी बघितलं. "कशाचा आहे?"

"डोंगराचा."

"हं," म्हणाले आणि कोडं सोडवायला लागले. कोड्यात मात्र लक्ष नव्हतं. एका आडव्या शब्दावर पेन्सिल किती वेळ अडली होती, आणि डोळे चष्म्यावरून भिंतीकडे जात होते. इतक्या लांबून त्यांना तपकिरी-निळ्या रेषांचं जंजाळ दिसत असणार, अक्षर एकही नाही. दिवस गेला, ते उठले नाहीत.

शनिवारी शाईमावशी ठरल्याप्रमाणे आली. आल्या आल्या खुर्चीकडे न येता सरळ खिडकीशी गेली. हात पाठीमागे बांधून नकाशासमोर उभी राहिली. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नजर फिरवली. मग हसली. पिशवीतून पेन्सिल काढली, एक छोटंसं गोल केलं, आणि यंत्राचं हँडल रिकामंच दोनदा फिरवलं. घरघर, घरघर.

बाबांची पाठ खुर्चीत एकदम सरळ झाली.

"काय सापडलं?" ते म्हणाले.

"काही नाही साहेब. तुम्ही बसा."

"बाई, काय सापडलं विचारतोय."

"मी काय सांगणार? कचेरीचा नियम तुमचाच आहे. गोल करायचं, बोलायचं नाही." मावशीने चहा घेतला, गुडघेदुखीची चार वाक्यं बोलली, आपल्या जावयाची यथेच्छ उणीदुणी काढली आणि निघून गेली. जाताना दारात धाकटीला हळूच म्हणाली, "पूल ना? बरा ठेवलास."

त्यानंतर बाबांना चैन पडेना. "धाकटे, तिने काय काढलं?"

"विचारायचं असेल तर खिडकीशी यायचं, बाबा."

"माझा नियम मला सांगू नकोस."

"तुमचाच आहे म्हणून तर सांगतेय."

ते रागावले. जेवताना नेहमी भाजीला नावं ठेवायचे, तेही केलं नाही. धाकटीला रात्री भरून आलं. उद्या रविवार. दादाचा फोन येणार, बाबा हो म्हणणार, आणि ही खुर्ची रिकामी होणार. आपण त्यांच्याशी खेळ खेळत बसलो आहोत की काय, असंही तिला वाटलं. दुखतंय त्यांना. भीती वाटते आहे. एकदा घसरलेल्या माणसाला जमीन परत कधी पूर्वीसारखी वाटत नाही, हे ती त्यांच्या पायांकडे बघून जाणत होती. मग तिने तरी कशाला हट्ट धरावा?

रविवारी सकाळी ती डेस्कशी बसली होती. काम असं काहीच नव्हतं, पण हात कीबोर्डवर होते. बाबांचं चाकांचं टेबल तिने पुन्हा त्यांच्या शेजारी आणून ठेवलं होतं. हरलेल्या माणसाने झेंडा उतरवावा तसं. फोन त्यावरच होता.

मागे खुर्ची करकरली.

धाकटीने वळायचं नाही असं ठरवलं. मग वॉकरच्या पायांचा रबरी आवाज आला. टक, आणि थांबणं. टक, आणि थांबणं. तिच्या समोरचा कॉम्प्युटरचा पडदा काळा झालेला होता आणि त्यात पाठीमागची खोली अंधुक दिसत होती. त्या काळ्या पडद्यात एक पांढरा सदरा हलत होता. उठून हात धरावा, निदान मागे उभं राहावं, असं तिच्या अंगातलं प्रत्येक हाड म्हणत होतं. ते पडले तर? पडले तर दादा जन्मभर बोलेल, आणि तिला स्वतःलाही माफ करता येणार नाही. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. बाबा कचेरीत कोणाच्या मागे उभे राहत नसत. ज्याची चूक सापडली तो माणूस खिडकीपर्यंत चालत जायचा आणि बाबा आपल्या कामात मान घालून असायचे, जणू त्यांना पत्ताच नाही. त्यांना पत्ता असायचा. हे धाकटीला आत्ता, टेबलाची कड धरून बसलेली असताना कळलं, आणि बाबांबद्दल तिला फार माया वाटली.

पांढरा सदरा काळ्या पडद्याच्या कडेला पोचला आणि दिसेनासा झाला. बराच वेळ काही आवाज नाही. मग हँडल फिरलं, पेन्सिल घालून, दमदार. त्यानंतर कागदावर पेन्सिलीची खसखस. आणि मग रिकामं, दोनदा. घरघर, घरघर.

धाकटी उठली. चालत गेली खरी, पण खोली एवढी लांब तिला कधी वाटली नव्हती.

बाबा एका हाताने कठडा धरून नकाशासमोर उभे होते. कपाळावर घाम होता, पाय थरथरत होते, आणि चेहऱ्यावर तो जुना कचेरीतला भाव होता, जो बघून भलेभले ड्राफ्ट्समन घाबरत.

"शाईवालीने पूल काढला," ते म्हणाले. "त्यात काय मोठंसं? पूल कोणालाही दिसेल. तो तू माझ्यासाठी ठेवलास ना?"

धाकटीला खोटं बोलता आलं नाही. "हो."

"कळलं मला. असला वेंधळेपणा तुझ्या हातून व्हायचा नाही. इकडे बघ." त्यांचं दुसरं गोल वरच्या कोपऱ्यात होतं. "हा ओढा. आता या डोंगराच्या सारख्या उंचीच्या रेषा बघ. ओढ्याजवळ येऊन रेषा वळते तेव्हा तिचं टोक कुठे हवं?"

"चढाकडे."

"आणि इथे?"

धाकटीने बघितलं. टोकं उताराकडे होती. म्हणजे ती दरी नव्हतीच. ती डोंगराची धार होती, आणि धाकटीने काढलेली ओढ्याची निळी रेषा ऐटीत त्या धारेवरून चालली होती. कॉम्प्युटरवर काम करताना त्या कोपऱ्यातला ओढ्याचा तुकडा कधीतरी शेजारच्या दरीतून सरकून वर आला होता. पडद्यावर ती नकाशा तुकड्यातुकड्याने बघायची, नाक लावून. लांब उभं राहून, मान वळवून, अख्खा असा तिने तो एकदाही बघितला नव्हता. उद्या हा छापला गेला असता, आणि तहानलेली माणसं पाण्यासाठी कोरड्या धारेवर चढून गेली असती.

"धारेवरून पाणी नेलंस," बाबा म्हणाले. "ही मात्र तुझी खरी चूक. ही मुद्दामची नाही."

"नाही बाबा. ही माझीच."

"बसून बसून होतं असं." आवाजात राग नव्हता. "दिवसभर एका जागी बसलं की डोळेसुद्धा बसतात. मी काय तुला बघत नाही? मान अशी धरून बसतेस, जशी कोणी भिंतीत ठोकली आहे. मला वाटायचं, सांगावं. पण आता मी कोणत्या तोंडाने सांगणार, खुर्चीत बसून?"

धाकटीचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत, बाबांनीही न बघितल्यासारखं केलं आणि खिडकीबाहेर बघू लागले. रस्त्यावर एक बाई दोन पिशव्या घेऊन रस्ता ओलांडत होती. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादर झटकत होतं. कठड्यावर लाकडाची ताजी भुकटी सांडली होती आणि तिचा वास येत होता, अगदी तसाच.

"खुर्ची आणू इथे?" तिने विचारलं. "दमलात."

"नको. आहे तिथे राहू दे."

तेवढ्यात खोलीच्या त्या टोकाला, चाकांच्या टेबलावर, फोन वाजायला लागला. धाकटी लगबगीने वळली. "दादा असेल. मी घेते."

"थांब," बाबा म्हणाले. "माझ्याशी बोलायचंय ना त्याला?"

त्यांनी वॉकर फिरवून घेतला. दोन्ही हात त्यावर ठेवले, एक श्वास घेतला आणि निघाले. टक, आणि थांबणं. फोन वाजून वाजून बंद पडला, तेव्हा ते निम्म्या वाटेवर होते. ते थांबले नाहीत. धाकटीही मागे गेली नाही, ती खिडकीशीच उभी राहिली, गोल केलेल्या नकाशाला पाठ लावून. फोन पुन्हा वाजायला लागला. बाबांनी टेबल गाठलं, एका हाताने वॉकर धरला आणि उभ्यानेच फोन कानाला लावला.

"हो, मीच," ते म्हणाले. "मघाशी घेतला नाही. थांब, जरा धाप लागलीय. लांब होतो."